बेसची तार एका झटक्यात ‘ई’वरून ‘डी’वर: ड्रॉप ट्यूनिंग की निवडायची कशी आणि बसवायची कशी?

आजचा विषय मोबाइल किंवा कॉम्प्युटरचा नाही, पण तंत्रज्ञानाचाच आहे. बेस गिटारच्या डोक्यावर, म्हणजे हेडस्टॉकवर, ज्या चार कळा असतात त्यातली एक काढून तिथे लिव्हरवाली कळ बसवायची. लिव्हर पाडला की सगळ्यात जाड तार ‘ई’वरून थेट ‘डी’वर उतरते, उचलला की परत ‘ई’. ऐकायला सोपं वाटतं. मी मात्र हे करताना दोन चुका केल्या, आणि त्यातली एक अशा बेसवर केली जो माझा नव्हताच. त्या चुका तुम्ही करू नयेत म्हणून हा लेख.

आधी गरज कुठून आली ते सांगतो

मी सांगलीचा. आमचा पाच जणांचा ऑर्केस्ट्रा आहे. लग्नं, गणपती, कोजागरी असे कार्यक्रम करतो. बेस माझ्या काकांचा. त्यांनी तो तरुणपणी मुंबईत सेकंडहँड घेतला आणि वीसेक वर्षं वाजवला. बोटं आखडायला लागली तेव्हा माझ्या हातात दिला. देताना एकच वाक्य बोलले, “वाजव, पण विकू नकोस.”

आमची गायिका बऱ्याचशा गाण्यांना पांढरी दोन घेते. हार्मोनियमवाल्यांच्या भाषेतली पांढरी दोन म्हणजे डी. आता गंमत बघा. चार तारांच्या बेसचं ट्यूनिंग ई, ए, डी, जी असं असतं. १९५१ साली फेंडरचा प्रिसिजन बेस आला तेव्हापासून हेच चालू आहे, आणि ते आलं मोठ्या उभ्या डबल बेसवरून. यातला सगळ्यात खालचा स्वर ई, म्हणजे साधारण ४१.२ हर्ट्झ. त्याच्या खालचा डी (३६.७ हर्ट्झ) बेसवर नाहीच! म्हणजे गाणं पांढरी दोनमध्ये असेल तर खर्जातला सा माझ्याकडे नाही. तो मला वरच्या सप्तकात घ्यावा लागतो, आणि सम आली की जो दणका बसायला पाहिजे तो बसत नाही.

पर्याय काय काय आहेत?

१. हाताने तार उतरवणे. फुकट आहे. पण दोन गाण्यांच्या मध्ये निवेदक तीस सेकंद बोलतो, तेवढ्यात जाड तार अचूक लावणं म्हणजे नशिबावर हवाला.

२. पाच तारांचा बेस. पाचवी तार बी, सुमारे ३०.९ हर्ट्झ. खालचा डी तिच्यावर तिसऱ्या फ्रेटला मिळतो. उत्तम पर्याय, पण नवा बेस घ्यावा लागतो आणि हात नव्याने बसवावा लागतो.

३. पिच बदलणारा पेडल. काम होतं, पण स्वस्त पेडलमध्ये खालचे स्वर चिखलासारखे येतात आणि किंचित उशिरा येतात.

४. तार कायमची डी वर ठेवणे. तुमची सगळीच गाणी खालच्या डी ची असतील तर हाच पर्याय घ्या, कसलीही कळ विकत घेऊ नका. हे मुद्दाम सांगतोय, कारण बरेच जण गरज नसताना पैसे घालवतात.

५. ड्रॉप ट्यूनिंग की. गाण्यागणिक, अगदी गाण्याच्या मध्येसुद्धा, ई आणि डी दोन्ही पाहिजे असतील तर ही.

कल्पना जुनीच आहे. पाश्चात्त्य वाद्यवृंदात डबल बेसच्या ई तारेला वरच्या बाजूला जोडपट्टी लावून ती खाली सी पर्यंत नेतात. अमेरिकेत बँजोवाल्या अर्ल स्क्रग्ज यांनी १९५० च्या दशकात वाजवता वाजवता तार उतरवण्यासाठी खास खुंट्या वापरल्या. बेससाठी सगळ्यात प्रसिद्ध झाली ती हिपशॉट या अमेरिकन कंपनीची ‘एक्सटेंडर’. बिली शीहान यांच्या यामाहा अ‍ॅटिट्यूड बेसवर ती ई तारेला असते. मायकल मॅनरिंग तर आपल्या झॉन हायपरबेसवर चारही तारांना अशा कळा लावून वाजवतात.

आत नेमकं होतं काय?

साध्या कळीत दोन मुख्य भाग असतात: आटे पाडलेला छोटा दांडा, ज्याला वर्म म्हणतात, आणि त्यात अडकलेलं दातेरी चाक. आपण कळ पिळली की वर्म चाकाला ढकलतो, चाकाला जोडलेला खांब फिरतो आणि तार गुंडाळली जाते. याची खुबी अशी की वर्म चाकाला फिरवतो, पण चाक वर्मला फिरवू शकत नाही. म्हणून तार कितीही ओढत असली तरी कळ आपोआप सुटत नाही.

ड्रॉप की मध्ये ही सगळी यंत्रणा एका हलणाऱ्या भागावर बसवलेली असते. लिव्हर पाडला की तो भाग सरकतो, खांब ठरावीक अंशाने मागे फिरतो आणि तार तेवढीच सैल होते. लिव्हर कुठपर्यंत पडावा ते एका छोट्या हाताने फिरवायच्या स्क्रूने ठरतं. म्हणजे दोन थांबे आहेत: एक ई चा, एक डी चा. ई लावायचा कळीने, डी लावायचा स्क्रूने. एवढं वाक्य लक्षात ठेवलंत तर अर्धं काम झालं.

तंबोरा लावणाऱ्यांना हे लगेच समजेल. खुंटीने तार जवळपास आणायची आणि खालच्या मण्याने बारीक मिळवायची, तसंच.

निवडताना: ब्रँडचं नाव बघू नका, माप घ्या

माझी पहिली चूक इथे झाली. बेसच्या आकारावरून “याला ही बसते” असं दुकानदाराने फोनवर सांगितलं आणि मी मागवली. आली तेव्हा कळलं की काकांच्या बेसवर खांबाचं भोक साडेसतरा मिमीचं आणि नव्या कळीची बुशिंग १४ मिमीची. साडेतीन मिमीची फट म्हणजे कळ भोकात डुलणार. परत पाठवली, जाण्यायेण्याचं कुरियर माझ्या अंगावर.

म्हणून मागवायच्या आधी जुनी कळ काढून हातात घ्या आणि व्हर्नियर कॅलिपरने ही मापं लिहून ठेवा:

• हेडस्टॉकच्या भोकाचा व्यास. पुढून आणि मागून, दोन्हीकडून. काही बेसवर भोक दोन टप्प्यांत असतं.

• हेडस्टॉकची जाडी. खांब पुरेसा वर आला पाहिजे, आणि पुढून नट लागणारा प्रकार असेल तर त्याचे आटे पुरले पाहिजेत.

• स्क्रूची भोकं. किती आहेत, कुठे आहेत, एकमेकांपासून किती अंतरावर. जुन्या पद्धतीच्या मोठ्या पट्टीला चार असतात, आधुनिक छोट्या कळीला बहुधा कमी.

• शेजारच्या ए कळीपर्यंतचं अंतर. लिव्हर पूर्ण पडल्यावर तो कशाला आदळता कामा नये.

• बाजू. उजव्या हाताने वाजवायच्या बेसवर ई ची कळ वरच्या कडेला असते. डावखुऱ्या बेसला आरशातली उलटी आवृत्ती लागते.

• पिळायची दिशा. काही बेसवरच्या कळा इतरांपेक्षा उलट दिशेने तार चढवतात. तीन कळा एका दिशेच्या आणि एक उलटी असं झालं तर स्टेजवर घोळ होणार हे नक्की.

ही मापं कंपनीच्या आकृतीशी ताडून बघा. भोक थोडं मोठं निघालं तर मधे घालायची कडी मिळते. भोक लहान निघालं तर मात्र ते मोठं करावं लागतं, आणि केलेलं भोक परत लहान होत नाही. म्हणून जुन्या, मूळ अवस्थेतल्या बेसला मी एकच नियम लावतो: जुन्याच भोकात, जुन्याच स्क्रूंवर बसणारी कळ मिळत असेल तरच हात लावायचा. जुनी कळ आणि तिचे स्क्रू डबीत जपून ठेवायचे.

वजनाचाही विचार करा. बेसचं डोकं आधीच जड असेल तर वजन वाढल्यावर ते खाली झुकतं आणि डाव्या हाताला तेच धरून ठेवावं लागतं. हलक्या वजनाच्या आवृत्त्या मिळतात, त्या बघा.

तार कुठली?

स्वर उतरला की ताण उतरतो, आणि तो कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात उतरतो. ई वरून डी वर आलं की त्या तारेचा ताण सुमारे २१ टक्क्यांनी कमी होतो. म्हणून तार लुळी वाटते आणि खालच्या फ्रेटवर खरखरते. माझ्याकडे १०० नंबरची, म्हणजे ०.१०० इंच जाडीची तार होती, ती बदलून मी १०५ घेतली. वजन जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतं असं धरलं तर ताण सुमारे १० टक्के वाढतो, म्हणजे गेलेल्यातला साधारण ४० टक्के परत मिळाला. त्याहून जाड तार घ्यायची असेल तर ती नटच्या खाचेत मोकळी बसते का ते आधी बघा.

बसवायची कशी?

हत्यारं: योग्य मापाचे स्क्रू ड्रायव्हर, पाना, बारीक ड्रिल बिट, चिकटपट्टी, पेन्सिल, मेणबत्तीचा तुकडा आणि ट्यूनर. आणि टेबलवर एक जाड टॉवेल.

१. ई तार पूर्ण सैल करून काढा. बाकीच्या तीन राहू द्या, म्हणजे मानेवरचा ताण एकदम जात नाही.

२. पुढून नट असेल तर तो सोडवा, मग मागचे स्क्रू काढा. कळ अलगद बाहेर येते. येत नसेल तर उपटू नका, कुठेतरी स्क्रू राहिलाय.

३. नवी कळ नुसती बसवून बघा. लिव्हर पाडा, उचला. शेजारच्या कळीला लागत नाही ना? बेसच्या पेटीत किंवा बॅगेत ठेवल्यावर लिव्हर दाबला जात नाही ना?

४. जुनीच भोकं जुळत असतील तर वा! नसतील तर कळ शेजारच्या कळीच्या सरळ रेषेत धरून ठेवा, पुढून नट हाताने आवळा म्हणजे कळ हलणार नाही, आणि मगच पेन्सिलने खूण करा.

५. ड्रिल बिट स्क्रूच्या आटे सोडून मधल्या गाभ्याएवढा घ्या. स्क्रूच्या लांबीवर बिटला चिकटपट्टी गुंडाळा. पट्टी लाकडाला टेकली की थांबा. घाईत भोक पुढून बाहेर आलं तर ते लपत नाही.

६. स्क्रूला मेण चोळा आणि हाताने आवळा. या कामाला इलेक्ट्रिक स्क्रू ड्रायव्हर नको. लहान स्क्रू लाकडात तुटला की काढणं अवघड.

माझी दुसरी चूक चौथ्या पायरीवर झाली. दुसऱ्या वेळी आलेली कळ भोकात बरोबर बसली, पण एक स्क्रू जुन्या जागेपासून दीड-दोन मिमी लांब येत होता. रात्री कार्यक्रम, दुपारी चार वाजता मी ड्रिल घेऊन बसलो. नट न आवळता हाताने धरून भोक पाडायला गेलो आणि बिट घसरून जुन्या भोकात शिरला. भोक लांबट झालं आणि स्क्रू नुसता फिरत राहिला. चाळीसेक वर्षं जुन्या लाकडावर, काकांच्या बेसवर. त्या रात्री मी मित्राचा बेस घेऊन वाजवला आणि घरी काहीच बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी मिरजेला गेलो. तंबोरे-सतारींसाठी मिरज किती जुनं नाव आहे ते वेगळं सांगायला नको. एका वयस्कर कारागिरांना दाखवलं. विजेवरचं वाद्य बघून ते आधी हसले, मग म्हणाले, “लाकूड ते लाकूडच.” त्यांनी भोक साफ केलं, कडक लाकडाची काडी तासून सरस लावून आत ठोकली आणि सांगितलं, “उद्या संध्याकाळपर्यंत हात लावू नका.” वाळल्यावर पृष्ठभागाशी सपाट केली. मग त्यांच्यासमोरच नट आवळून मी नवं भोक पाडलं. तुमच्याकडून असं झालं तर घरीही हे जमतं: कडक लाकडाच्या काड्या, लाकडाचा गोंद, आणि सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे एक पूर्ण दिवस धीर.

तार चढवणे आणि मिळवणे

तार खांबाच्या पुढे साधारण १० ते १२ सेंमी ठेवा, आधी काटकोनात वाकवा आणि मगच कापा. न वाकवता कापली तर वरचं वेटोळं सैल होऊ शकतं. खांबावर दोन ते तीन वेढे, वरून खाली, एकमेकांवर न चढता. वेढे जास्त झाले तर प्रत्येक वेळी लिव्हर हलवल्यावर ते थोडे थोडे बसत राहतात आणि स्वर सरकतो.

आता क्रम पाळा:

१. लिव्हर बंद. कळीने ई मिळवा. तार हाताने ताणा, परत मिळवा. नवी तार असेल तर हे चार-पाच वेळा करा.

२. लिव्हर पाडा. तार एकदा हलकी ओढा. मग स्क्रूने डी मिळवा. कळीला हात लावू नका, नाहीतर ई गेला.

३. लिव्हर उचला, ई तपासा. चुकला असेल तर परत पहिल्या पायरीपासून.

दोन-तीन फेऱ्यांत दोन्ही स्वर जागेवर येतात. स्वस्त ट्यूनर इतका खालचा स्वर नीट पकडत नसेल तर बाराव्या फ्रेटवर हलका स्पर्श करून हार्मोनिक वाजवा. तो एक सप्तक वर येतो. दुसरी सोपी परीक्षा म्हणजे उतरलेल्या तारेचा हा हार्मोनिक आणि तुमची मोकळी डी तार एकाच स्वरात (७३.४ हर्ट्झ) यायला हव्यात. दोन्ही एकत्र वाजवा. आवाज लाटेसारखा हेलकावत असेल तर अजून जुळलेलं नाही.

स्वर परत जागेवर येत नाही? दोष बहुतेक कळीचा नसतो

नटच्या खाचेत तार अडकते. लिव्हर पाडल्यावर कळीकडची तार सैल होते, पण वाजवायच्या भागातला ताण तिथेच अडकतो, म्हणून डी थोडा चढा लागतो आणि दोन ठोक्यांनी अचानक घसरतो. उचलताना उलट: ई उतरा राहतो आणि मग चढतो. उपाय म्हणजे खाचेत मऊ पेन्सिलचं शिसं चोळा. तार खाचेत घट्ट असेल तर खाच किंचित रुंद करून घ्या, पण खोल करू नका. आणि प्रत्येक वेळी लिव्हर हलवला की तार एकदा ओढायची सवय लावा.

दुसरं, एका तारेचा ताण गेला की मान किंचित सरळ होते आणि बाकीच्या तीन तारा जरा चढतात. चांगल्या मानेत हे कानाला जेमतेम कळतं. डी वर खरखर येत असेल तर ब्रिजवर ई तारेचं सॅडल थोडं उचला.

आणि हाताची सवय! लिव्हर पडला की या तारेवरचा प्रत्येक स्वर दोन फ्रेट पुढे जातो. ई दुसऱ्या फ्रेटवर, जी तिसऱ्याऐवजी पाचव्यावर. पहिल्या कार्यक्रमात मी हे विसरलो आणि ढोलकीवाल्याने माझ्याकडे जे बघितलं ते अजून आठवतं.

शेवटचं

काकांना मी आठवड्याने सांगितलं. बेस त्यांच्या मांडीवर ठेवला, लिव्हर दाखवला आणि ती बुजवलेली जागाही दाखवली. त्यांनी बोटाने चाचपून बघितलं. “विचारलं असतंस तर मी धरून बसलो असतो,” एवढंच म्हणाले. मग आखडलेल्या बोटाने लिव्हर पाडला, अंगठ्याने मोकळी तार छेडली, आणि तो खालचा डी खोलीतल्या कपाटाच्या काचा हलवून गेला. त्यांनी लिव्हर उचलला, परत पाडला, परत छेडली.

तर मंडळी, माप आधी, पैसे नंतर, आणि ड्रिल सगळ्यात शेवटी. आणि कार्यक्रमाच्या दिवशी तर नाहीच.